ओळीतून उठवलेला

चैत्रात, वसंतपूजेच्या दिवशी, गुरुजींनी माझ्या भावाला ओळीतून उठवले. तो चौदा वर्षांचा होता. मी वीस वर्षांची होते आणि सज्जातून पाहत होते. त्यानंतर तो अकरा वर्षे जगला. त्या अकरा वर्षांत त्याने कोणासमोर वेद म्हटला नाही.

तो त्या दिवसामुळे गेला असे मी म्हणत नाही. तो मागच्या आश्विनात डेंग्यूने गेला, चार दिवसांत. मृत्यूचा हिशेब मला गुरुजींकडे मागता येत नाही हे मला कळते. मला मधल्या अकरा वर्षांचा मागायचा होता. तो मी कसा मागितला ते इथे लिहिते आहे. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, घरी आल्यावर रोज अर्धे पान होते, कधी तेवढेही होत नाही.

आमचे घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत. काही पिढ्यांपूर्वी आमच्यातले कोणी कोकणातून काशीला वेद शिकायला आले आणि परत गेले नाहीत. पुढच्यांनी वेद सोडला, बँकेत आणि रेल्वेत लागले, पण घरात एकाने तरी म्हणावा ही रुखरुख राहिली. वडील बँकेत होते. भाऊ सहा वर्षांचा असताना ते गेले. आई प्राथमिक शाळेत शिकवत होती. भावाची मुंज झाल्यावर तिने त्याला गुरुजींकडे घातले. गुरुजी ब्रह्माघाटाजवळ राहत. शाळेच्या आधी, सकाळी, त्यांच्या माडीवर सहा-सात मुले बसत.

भावाचा आवाज चांगला होता. मी बहीण म्हणून म्हणत नाही. गुरुजी स्वतः आईला म्हणाले होते, "याच्या छातीत जागा आहे. एका श्वासात ओळ संपवतो." छातीत जागा होती तशी पोटातही होती. तो लहानपणापासून जाड होता. गल्लीतला कचोरीवाला त्याला पाहिले की ओरडायचा, "का गुरू, कौन चक्की क आटा खाला?" भाऊ हसायचा आणि दोन कचोऱ्या घ्यायचा. तेव्हा तो खरोखर हसायचा. नंतरचे हसणे वेगळे होते, ते मला ओळखता येऊ लागले.

बाराव्या वर्षी त्याच्या कोपरांवर लाल चकत्या आल्या. वर चांदीसारखी सालपटे. मग डोक्यात, मग पाठीवर. आईने कडुलिंबाचा पाला उकळला, कोणी सांगितले म्हणून गोमूत्र लावले, कोणी सांगितले म्हणून दही बंद केले. सोरायसिस हा शब्द आमच्या घरात दोन वर्षांनी आला. तोवर लोकांना आपापले शब्द सापडले होते. शाळेतली मुले त्याच्या काळ्या स्वेटरवरचा कोंडा झटकून म्हणायची, "बर्फ गिर रही है." आईचे एक मावसभाऊ होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते दिवाळीला आमच्याकडे जेवायला बसले असताना म्हणाले, "शंकराला मसाणातून भस्म आणावं लागतं. आमच्या भाच्याला घरचं आहे, आपोआप गळतं." सगळे हसले. आईही थोडी हसली, कारण मामा पाहुणे होते. भाऊ पानावरून उठला नाही. त्याने आणखी एक करंजी मागितली.

ती करंजी मला अजून दिसते. लोकांना वाटे, याला काही लागत नाही, हा खातो. त्याला जितके लागे तितके तो खाई, हे समजायला मला खूप वर्षे लागली. आणि तो जितका खाई तितके लोक बोलत. मामा आता पुण्यात मुलाकडे असतात. त्यांच्याशीही माझे काही बाकी आहे, पण ते राहू दे.

वसंतपूजा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चैत्र-वैशाखात आमच्याकडे एखादा यजमान वैदिकांना घरी बोलावतो. चौकात सतरंज्या घालतात, वैदिक समोरासमोर दोन ओळींत बसतात, आणि एकेका शाखेचे लोक आळीपाळीने म्हणतात. ऊन वाढत जाते तसा आवाज वाढत जातो. यजमानाकडची माणसे वैदिकांच्या दंडांना आणि छातीला चंदनाची उटी लावतात, गळ्यात मोगऱ्याचे हार घालतात, गुलाबपाणी शिंपडतात, पंख्याने वारा घालतात. शेवटी पन्हे आणि वाटली डाळ. ओळीत बसणाऱ्याने शिवलेले काही अंगात घालायचे नसते. खाली सोवळे, वर उपरणे, तेही चंदन लावताना बाजूला ठेवायचे.

त्या वर्षी गुरुजींनी माडीवरच्या मुलांना पहिल्यांदा ओळीत बसवायचे ठरवले होते. भाऊ त्यांच्यात सगळ्यात पुढे होता. त्या सकाळी तो सोवळे नेसून दारात उभा राहिला. उपरणे त्याने बायका पदर घेतात तसे दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतले होते.

"ताई, आतून बंडी घालू का?"

"बंडी घालून कोण बसतं ओळीत?"

"मग मी नाही जात. गर्मीनं पाठ बघ कशी झालीये. सगळे देखतील."

"कोण देखतंय? सगळे डोळे मिटून म्हणतात. तुझा आवाज ऐकतील, पाठ कोण बघतंय."

"तू असशील ना?"

"वर असेन, बायकांत."

"नक्की ना? मग मी वर बघून म्हणेन."

मी त्याच्या खांद्यावरचे उपरणे सारखे केले आणि म्हटले, "जा, उशीर होईल." तेव्हा मी संस्कृत घेऊन बी. ए. करत होते आणि माझ्या भावाने ओळीत म्हणावे याची मला त्याच्याइतकीच, कदाचित त्याच्याहून जास्त, हौस होती. बंडीची गोष्ट मी आईला सांगितली नाही. सांगितली असती तर आईने त्याला घरी ठेवले असते.

चौक भरला होता. आईची शाळा होती, ती आली नव्हती. भाऊ मुलांच्या रांगेत कडेला बसला होता. तिथल्या एका मोठ्या मुलाने त्याला सरकायला सांगितले तेव्हा दुसरा म्हणाला, "अरे, ते दोघांचं आसन आहे." भावाने वर पाहिले. मी मान हलवली. मग मुलांची पाळी आली आणि त्याने सुरुवात केली. खाली बोलणारी माणसे थांबली. माझ्या शेजारच्या काकूंनी विचारले, "कोणाचा गं हा?" मी म्हणाले, "आमचा."

चंदनाची वाटी घेऊन यजमानांचा पुतण्या त्या ओळीतून येत होता. भावापाशी आला, त्याने उपरणे बाजूला केले आणि थांबला. त्याची बोटे वाटीत तशीच राहिली.

"गुरुजी, याला… याला लावायचं का?"

कोणीतरी म्हणाले, "जागा शोध, मिळेल कुठंतरी." हशा पिकला. भाऊ म्हणायचा थांबला नव्हता. बाकीची मुले थांबली, तो एकटा म्हणत राहिला, कारण मध्ये थांबू नये असे गुरुजींनीच शिकवले होते.

गुरुजी समोरच्या ओळीत होते. त्यांनी मान पुढे करून पाहिले. त्यांनी त्याची पाठ आधी पाहिली नव्हती, माडीवर मुले सदरा घालून बसत. ते मोठ्याने म्हणाले नाहीत. नेहमीच्या आवाजात, धडा सांगावा तसे म्हणाले, "ऊठ. अंगावर कोड असलेल्यानं ओळीत बसू नये, शास्त्र आहे. बाहेर बस."

तो उठला. जाड माणसाला मांडीवरून उठायला वेळ लागतो. त्याला हात टेकावा लागला, सोवळे सावरावे लागले, उपरणे शोधावे लागले. तो सगळा वेळ दोन्ही ओळी त्याच्याकडे पाहत होत्या. उभे राहिल्यावर त्याने वर पाहिले. मी सज्जाचा कठडा धरून उभी होते. मी काही बोलले नाही. वीस वर्षांची, शिकलेली, बोलता येणारी मुलगी होते. मी काही बोलले नाही.

तो दाराबाहेर चपलांपाशी पायरीवर बसला. पूजा पुढे चालली. शेवटी गुरुजींनी त्याच्यासाठी डाळ आणि पन्हे बाहेर पाठवले, वेगळ्या द्रोणात. त्यांना वाटले असेल, आपण त्याला विसरलो नाही. त्याने ते सगळे खाल्ले. आतून बाहेर पडणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "खाणं काही सुटलं नाही पठ्ठ्याचं." मी जिना उतरून आले तेव्हा तो द्रोण चाटत होता आणि त्याच्या तोंडावर काहीच नव्हते.

घरी येताना तो माझ्या पुढे चालला. मी म्हणाले, "उद्या मी गुरुजींशी बोलते."

"नको."

"अरे, ते कोड नाहीच मुळी."

"नको म्हटलं ना, ताई. तू बोल नको काही." थोडे पुढे गेल्यावर म्हणाला, "तू म्हणालीस कोणी बघत नाही."

तो परत माडीवर गेला नाही. गुरुजींनी कोणाला पाठवले नाही, विचारले नाही. आईने पंधरा दिवस त्याला समजावले, मग रागावली, मग सोडून दिले. तिला वाटले मुलगा आळशी आहे. मीही तसे म्हणू दिले, कारण खरे कारण सांगताना बंडीचे सांगावे लागले असते.

त्यानंतरची वर्षे मी मोजते ती त्याने काय करायचे सोडले त्यावरून. पंचगंगा घाटावर पोहणे सोडले. मित्र उड्या मारत आणि तो वर बसून त्यांचे कपडे सांभाळी. न्हाव्याकडे जाणे सोडले, कारण एकाने भर दुकानात कंगवा टाकून दिला होता. मग मीच त्याचे केस कापू लागले. बनारसच्या जूनमध्ये तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, मनगटाची बटणे लावून. लग्नात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे त्याने सोडले, उभ्यानेच जेवायचा, नाहीतर जायचाच नाही. पलंगाखाली त्याने एक छोटा झाडू ठेवला होता. आई खोलीत यायच्या आधी रोज सकाळी तो अंथरुणातली सालपटे झाडून घ्यायचा. हे मला तो गेल्यावर, झाडू सापडल्यावर कळले.

आणि तो म्हणायचा. न्हाणीघरात, नळ पूर्ण सोडून, बादली वाहू देऊन. मी दाराबाहेर उभी राहून ऐकले आहे. नळ बंद झाला की तोही बंद व्हायचा. मी ऐकते हे मी त्याला कधी कळू दिले नाही. कळले असते तर तेही त्याने सोडले असते.

सोळाव्या वर्षी मी त्याला विद्यापीठाकडच्या एका दवाखान्यात नेले. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी हात धरला, मग बाही वर केली. चकत्यांवरून बोट फिरवले, हातमोजा न घालता. भाऊ त्या बोटाकडे पाहत राहिला. त्या म्हणाल्या, "ये किसी को लगता नहीं है. न छूने से, न साथ खाने से." मग विचारले, "नींद आती है? स्कूल में कोई कुछ कहता है?"

"नहीं."

"घर में?"

"नहीं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आप ज़रा बाहर बैठिए."

मी वीस मिनिटे बाहेर बसले. तो आत काय बोलला ते मला अजूनही माहीत नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा हलका होता. बाईंनी मला आत बोलावून सांगितले, की वजन, ही चामडी आणि मनातला ताण एकमेकांना धरून असतात. एकाला ओढले तर बाकीचे दोन येतात. "खाने पर इसे टोकिए मत. डाँटने से ये और खाएगा, और छुपके खाएगा." मग म्हणाल्या, "इससे पूछते रहिए कि कैसा है. त्वचा कैसी है, ये नहीं. ये कैसा है."

त्याच्या अंगाकडे पाहिलेल्या शंभर माणसांत तसे विचारणाऱ्या त्या एकच. दीड वर्ष तो दर महिन्याला एकटा तिथे गेला. पाठ बरीच निवळली. एकदा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून भाजी आणायला गेला, तेव्हा आई आणि मी स्वयंपाकघरात एकमेकींकडे पाहून काहीच बोललो नाही, नजर लागेल म्हणून. मग बाईंची बदली झाली. नव्या डॉक्टरांनी खुर्चीतूनच त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "पहले वजन कम करो, फिर आना." तो परत गेला नाही.

पुढे त्याने कॉमर्स केले आणि घरबसल्या करायची नोकरी शोधली. कोण्या कंपनीच्या गिऱ्हाइकांना लिहून उत्तरे द्यायची. आवाज नको, चेहरा नको. तो त्यात चांगला होता. लोक त्याला लिहीत, तुम्ही फार शांतपणे समजावता.

आश्विनात दवाखान्यात नर्सने सलाइन लावायला त्याची बाही वर केली. त्याला धड शुद्ध नव्हती. तरी दुसऱ्या हाताने तो बाही खाली ओढत होता. नर्स म्हणाली, "भैया, हाथ मत हिलाइए." त्या चार दिवसांतले मला हेच सगळ्यात जास्त आठवते.

तो गेल्यावर दीड महिन्याने आमच्या मराठी मंडळाच्या एका काकांचा फोन आला. गुरुजींना ऐंशी पूर्ण झाली होती. माघात सहस्रचंद्रदर्शन करायचे होते, त्यानिमित्त स्मरणिका काढायची होती. "तू सगळं तपासून दे," काका म्हणाले. "दर वर्षी तूच करतेस. आणि शिष्यांच्या आठवणी गोळा कर. तुझा भाऊही होता ना थोडे दिवस?"

मी हो म्हणाले.

मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती दहा वर्षे सांभाळून ठेवली होती. एम. ए. करताना मी गुरुजींचे ते शास्त्र शोधून काढले होते. कोणाला ओळीत बसवू नये याची यादी खरोखर आहे. पण ती श्राद्धाच्या ब्राह्मणांची आहे, वसंतपूजेची नाही. आणि तिच्यात फक्त कातडीचा रोग नाही, ती लांबलचक आहे. काळ्या दातांचा. नखे बिघडलेला. वेतन घेऊन वेद शिकवणारा. पोटासाठी देवाची पूजा करणारा. नक्षत्रे सांगून पोट भरणारा. वैद्यसुद्धा तिच्यात आहे, म्हणजे माझ्या डॉक्टरीणबाईंनाही उठावे लागले असते. गुरुजी पन्नास वर्षे तंबाखू खात होते. त्यांचे पुढचे दात काजळीसारखे काळे होते. ती यादी सरळ वाचली असती तर त्या चौकातले निम्मे लोक चपलांपाशी बसले असते, आणि गुरुजी पहिल्या पायरीवर.

तरी मी एक संधी ठेवली. गुरुजींनी त्याला आठवले, नुसते आठवले तरी, मी काही छापणार नाही असे ठरवले आणि त्यांच्याकडे गेले.

ते खाटेवर बसले होते. डोळ्यांना कमी दिसत होते. सूनबाईंनी चहा दिला आणि त्या दारात उभ्या राहिल्या. मी शिष्यांची चौकशी केली. त्यांनी कोण काशीत आहे, कोण नाशिकला आहे, कोण अमेरिकेत देवळात आहे ते सांगितले. मी भावाचे नाव घेतले.

"कोण?"

मी घराची खूण सांगितली.

"हां, तो. जाडा. आवाज छान होता गं त्याचा, मध्येच का सोडलं त्यानं?"

मी चहा खाली ठेवला. "तो गेला, गुरुजी. आश्विनात."

"अरेरे. पोरवय. कशानं?"

"डेंग्यू झाला."

"मला वाटलं त्या कोडानं."

"कोड नव्हतं ते."

"तेच ते गं," ते म्हणाले आणि सुपारीचा डबा चाचपू लागले.

सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, तिला चहा तरी पिऊ द्या." मी चहा प्यायले. गोड होता. उठताना नमस्कारही केला, कारण हाताला सवय होती.

त्या आठवड्यात मी एक पान लिहिले. त्याला मथळा दिला, "गुरुजींचा एक शिष्य". त्यात वसंतपूजेचा दिवस जसा झाला तसा लिहिला. विशेषणे घातली नाहीत. बंडी घालू का असे त्याने विचारलेले, सालपटे कशी असतात, पाठ कशी होती, उठायला किती वेळ लागला, द्रोण कुठे दिला. खाली ती यादी मराठीत घातली, एकापुढे एक, काही टीका न करता. मंडळाने काही तपासले नाही. माझ्या हातून गेलेले ते कधीच तपासत नाहीत. मुद्रणाची प्रत मीच पास केली.

समारंभाच्या दिवशी गुरुजी चौरंगावर बसले. सुवासिनींनी ओवाळले, फुले उधळली. मग स्मरणिका वाटल्या. जेवणाची पाने मांडेपर्यंत लोकांना काही काम नव्हते, म्हणून ते वाचू लागले. मी खांबापाशी उभी होते. ते कसे पसरले ते मी पाहिले. एकजण पान उलटायचा थांबला, त्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसले. मग आणखी दोघे. मग माना वर होऊ लागल्या. आणि सगळे जण, न ठरवता, गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागले. ते कोणाशी तरी हसून बोलत होते. दात दिसत होते. त्यांना अंधूक दिसत होते, तरी आपल्यावर रोखलेली नजर माणूस ओळखतो. ते हसायचे थांबले. ओठ मिटून बसले. नंतर जेवतानाही त्यांनी तोंडापुढे हात धरला.

मला बरे वाटले. हे मी खोडणार नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर बरे वाटले आणि मी दोन वाट्या श्रीखंड खाल्ले.

तिसऱ्या दिवशी सूनबाई घरी आल्या. बसल्या नाहीत. "मामंजींना मी ते पान वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचायला लावलं. त्यांचा निरोप आहे. म्हणाले, यादी बरोबर आहे. पण एक राहिलंय, गुरूला विनाकारण सोडून जाणारा. तोही तिच्यात आहे. तिला सांग, गाळू नये."

तो होता. मला माहीत होते. मी तो मुद्दाम गाळला होता, कारण वाचणाऱ्याला वाटले असते की तो माझ्या भावाला लागू होतो. दुसऱ्यांच्या पानातली गळती दाखवणे हे माझे काम, आणि त्या पानात मीच गाळले होते. ते म्हाताऱ्याने न दिसणाऱ्या डोळ्यांनी पकडले.

मी म्हणाले, "त्यांना सांगा, कारण होतं."

सूनबाई जिन्याकडे वळल्या. "सांगते," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी तिथंच होते, सज्जात. तुमच्या मागे." मग जिना उतरून गेल्या. गुरुजींकडून पुन्हा निरोप आला नाही.

आईने ते पान सगळ्यात शेवटी वाचले. शाळेतल्या एका बाईंनी तिला दिले. संध्याकाळी ती माझ्यासमोर स्मरणिका घेऊन उभी राहिली.

"बंडी घालू का म्हणाला होता तो?"

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो."

"अकरा वर्षं मी त्याला आळशी म्हणत राहिले." तिने पान उलटे करून टेबलावर ठेवले. "आणि हे काय केलंस? जन्मभर बाह्या ओढत राहिला पोरगा. तू तीनशे घरांत त्याची पाठ उघडी केलीस."

मी म्हणाले, "गुरुजींना कळायला पाहिजे होतं."

"गुरुजींसाठी त्याला उघडा केलास," आई म्हणाली. "त्यांनीही त्याला शास्त्रासाठीच उघडा केला होता."

त्याला विचारले असते तर छाप असे तो म्हणाला नसता. नको म्हणाला असता, तू बोल नको काही म्हणाला असता. हे मला लिहितानाही माहीत होते. तरी मी लिहिले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा लिहीन, आणि या वेळी यादी पूर्ण देईन. इथे मी त्याचे नाव घातले नाही, गुरुजींचेही नाही. एवढेच मला आता त्याच्यासाठी करता येते.

या वर्षीही चैत्रात वसंतपूजा झाली. मी गेले नाही. ऐकले की मुलांच्या ओळीला आता पातळ सुती बंडी चालते. कोणी ठरवले ते कोणी सांगत नाही.

गुरुजी एक्याऐंशीव्या वर्षात आहेत आणि त्यांची तब्येत बरी आहे. आई माझ्याशी स्वयंपाकापुरते बोलते. माझा राग होता तेवढाच आहे.